सात आठे चोपन्न : एका ट्रोलिंगचं प्रकरण

गणिताच्या निवृत्त शिक्षिका, वय एकसष्ट. शाळेत त्यांनी मला शिकवलं, म्हणून इथेही त्यांना बाईच म्हणते. त्यांचं नाव, त्यांच्या चॅनेलचं नाव आणि हे ज्या माध्यमावर घडलं त्याचं नाव त्यांच्या सांगण्यावरून वगळलंय. बाकीचं सगळं त्यांनी वाचलंय आणि दोन ठिकाणी दुरुस्त्याही केल्यात.

निवृत्तीनंतर बाई मोठ्या माणसांसाठी गणिताचे छोटे व्हिडिओ करायला लागल्या. लहानपणी गणिताची धास्ती घेतलेली, आता चाळिशी-पन्नाशीत आलेली माणसं हा त्यांचा प्रेक्षक. पांढरा फळा, निळा मार्कर आणि पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला फोन, एवढीच सामग्री. बघणारे थोडे होते, पण नेमाने बघायचे. कुणी लिहायचं, "व्याज कसं मोजतात ते आयुष्यात पहिल्यांदा कळलं." बाई अशी वाक्यं एका वहीत उतरवून ठेवायच्या.

एका व्हिडिओत बाई तोंडाने "सात आठे छप्पन्न" म्हणाल्या आणि फळ्यावर त्यांनी ५४ लिहिलं. पुढच्या ओळीतली बेरीज ५६ धरूनच केली, उत्तरही बरोबर आलं. तीन आठवडे ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग कुणीतरी त्यातले अकरा सेकंद कापले, बाईंचा आवाज काढून त्या जागी हसण्याचा आवाज घातला, फळ्यावरचा हात जवळून दिसेल असा मोठा केला आणि वर लिहिलं, "म्हणे गणित शिकवते."

बाईंचा हात थरथरतो. गेली पाच-सहा वर्षं थरथरतोय. डॉक्टरांच्या मते काळजीचं कारण नाही, पण लिहिताना दिसतं. त्या अकरा सेकंदांत चुकलेला आकडा तर होताच, पण लोकांच्या नजरेत भरला तो हात.

पहिले चार दिवस

बाईंना हे कळलं ते त्यांच्याच एका प्रेक्षक बाईंमुळे. त्यांनी काळजीपोटी ती क्लिप पाठवली आणि खाली लिहिलं, "बाई, हे बघितलंत का?" हेतू चांगला होता. पण अशा प्रकरणांत पहिला घाव बहुतेक वेळा आपल्याच माणसाच्या हातून बसतो, हे मला इथे सांगावंसं वाटतं. कुणाची टवाळी चाललेली दिसली तर ती जशीच्या तशी त्या माणसाच्या फोनवर टाकू नका. आधी फोन करा, बोला, मग बघायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.

बाईंनी पहिल्या दोन दिवसांत कुणीही करेल तेच केलं. उत्तरं दिली. "आवाजासकट बघा, मी छप्पन्नच म्हटलंय." "चूक झाली हे मान्य, पण उत्तर बरोबर आहे." चाळीसेक माणसांना त्यांनी असं नम्रपणे समजावलं. त्यांच्या प्रत्येक उत्तराचा स्क्रीनशॉट निघाला आणि त्यावर नवी टवाळी सुरू झाली. इंग्रजीत या प्रकाराला ट्रोल हा शब्द पडला तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि त्यामागे लोककथांतल्या ट्रोल नावाच्या राक्षसापेक्षा मासेमारी जास्त आहे: चालत्या होडीमागे गळ सोडायचा आणि कोण अडकतंय ते बघत राहायचं. बाई खुलासा देत होत्या आणि समोरच्यांना हवा होता नुसता झटका. खुलासा खरा की खोटा याच्याशी त्यांना काहीच देणंघेणं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी घाबरून बाईंनी मूळ व्हिडिओच काढून टाकला. ही चूक महागात पडली, कारण कापलेली क्लिप फिरतच राहिली आणि ज्यात "छप्पन्न" स्पष्ट ऐकू येत होतं तोच पुरावा नाहीसा झाला. वर "पळाली" हा नवा शब्द मिळाला. लपवायला गेलं की लोक जास्त बघतात, याचं गाजलेलं उदाहरण २००३ सालचं आहे. गायिका-अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी किनारपट्टीच्या एका छायाचित्रसंग्रहातून आपल्या घराचा फोटो हटवावा म्हणून खटला भरला. त्याआधी तो फोटो फक्त ६ वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले दोनदा त्यांच्याच वकिलांनी केलेला. खटल्याची बातमी झाल्यावर महिनाभरात चार लाखांहून जास्त लोक तो पाहून गेले. बाईंचं प्रकरण तेवढं मोठं नव्हतं, पण तऱ्हा तीच. नशिबाने व्हिडिओची मूळ फाइल त्यांच्या फोनमध्ये शाबूत होती.

त्याच रात्री त्यांचा मुलगा चिडून स्वतःच्या खात्यावरून भांडायला उतरला. त्याचं रागावणं मला कळतं, आईच्या हातावर कुणी हसलं तर कोण गप्प बसेल? पण तासाभरात त्याचा जुना फोटो शोधून काढला गेला, आणि आता बाईंना स्वतःच्या जोडीला मुलाचीही काळजी लागली.

चौथ्या रात्री बाई झोपल्याच नाहीत. फोन उशाशी. अंधारात पडद्याची चमक कमीत कमी करून अंगठा वर सरकवायचा, वाचायचं, पुन्हा खाली यायचं, एखादा तास गेला की पुन्हा तिथेच. नंतर मी विचारलं तेव्हा त्यांनी मला अकरा प्रतिक्रिया शब्दन् शब्द म्हणून दाखवल्या, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट. त्याच यादीत त्यांची बाजू घेणारी माणसंही होती, चांगली पंचवीस-तीस. त्यांतलं एकही वाक्य त्यांना आठवेना. वाईट गोष्ट मनावर चांगलीपेक्षा जास्त खोल उमटते, हे रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली पुष्कळ संशोधन एकत्र करून मांडलं. म्हणजे ती बाईंची कमजोरी नव्हती. आपण सगळे असेच घडलेलो आहोत.

"दुर्लक्ष करायला आधी बघावं लागतं ना"

पाचव्या दिवशी बाईंचा फोन आला. "तुला वेळ आहे का गं थोडा?" एवढंच म्हणाल्या. मी गेले. ग्राहकांच्या तक्रारी वाचून त्यांची वर्गवारी करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे रागाने लिहिलेला मजकूर मला नवा नाही. तरीही मी तोंड उघडलं ते सगळे जे म्हणतात तेच म्हणायला, "बाई, दुर्लक्ष करा. अनोळखी माणसांचं काय मनावर घ्यायचं?"

बाई म्हणाल्या, "अगं, दुर्लक्ष करायला आधी ते बघावं लागतं ना."

मी त्यावर गप्प झाले, कारण अडचण नेमकी तिथेच होती. हजार शब्दांत एखादा शब्द धमकीचा असू शकतो, एखादा खरंच कामाचा असू शकतो, आणि कुठला कसला ते वाचल्याशिवाय कळत नाही. दुर्लक्ष करायला सांगणारे आपण सगळे त्या माणसाला सगळं एकट्याने वाचायला लावतो आणि वर ते मनाला लावून घ्यायचं नाही असंही बजावतो.

आणि अनोळखी माणसांचं लागतं, खरोखर लागतं. किप्लिंग विल्यम्स आणि सहकाऱ्यांचा २००४ सालचा एक प्रयोग या बाबतीत माझ्या मनात घर करून आहे. संगणकावर तिघांत चेंडू टाकण्याचा एक साधा खेळ. थोड्या वेळाने बाकीचे दोघं एकमेकांतच चेंडू टाकायला लागतात, तुमच्याकडे टाकतच नाहीत. काही जणांना आधीच सांगितलं होतं की ते दोघं माणसं नाहीतच, संगणक आहे. तरी त्यांनाही डावललं गेल्याचं लागलं, जवळपास तितकंच. यंत्राने डावललेलं लागतं, तर शंभर माणसांनी हाताला हसलेलं एकसष्टाव्या वर्षी लागू नये, अशी अपेक्षा कुणी कशी करावी?

म्हणून बाईंना "घट्ट व्हा" असं मी पुन्हा कधी म्हटलं नाही. त्या घट्ट नाहीत म्हणूनच वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलांना गणित यायचं. त्याऐवजी मी म्हटलं, "बाई, वाचायचं काम मी घेते. तुम्ही फोन मला द्या."

फोन द्यायला त्यांना वीस मिनिटं लागली. दोनदा हातात घेतला, पुन्हा ठेवला. "तू वाचशील तर तुलाही त्रास होईल." हे त्यांचं म्हणणं खरं होतं, त्याबद्दल पुढे सांगते.

वर्गवारी

माझ्याकडे साधारण ३०० प्रतिक्रिया आणि ४०च्या आसपास खासगी संदेश आले. मी ते घरी बसून, दिवसाउजेडी, मोठ्या पडद्यावर वाचले. वहीत रेघा मारून रकाने पाडले.

नुसती टवाळी हा सगळ्यात मोठा ढीग निघाला. पण नावं लिहायला लागल्यावर एक गोष्ट दिसली: या ढिगातला निम्म्याच्या आसपास मजकूर अकराच खात्यांवरून आलेला होता. एकाच माणसाने चोवीस वेळा लिहिलेलं होतं. बाईंना वाटत होतं सगळं जग हसतंय. अकरा हा आकडा मी कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवला, तेव्हा त्या बराच वेळ त्याकडे बघत बसल्या. मग त्यांनी आठवून सांगितलं की त्यांच्या एका वर्गातसुद्धा पन्नास मुलं असायची. गणिताच्या माणसाला आकड्याचा धीर येतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

चूक दाखवणारे सातआठ जण होते, सरळ आणि सभ्य. "५४ लिहिलं गेलंय, दुरुस्त कराल का?" बाईंविरुद्ध त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं, तरी बाईंच्या मनात तेही त्या हसणाऱ्यांतच जमा झाले होते. सलग वाचत गेलं की असंच होतं. विखारी दहा वाक्यांनंतर आलेलं साधं वाक्यही विखारी वाटतं.

तिसरा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटला: टोचून लिहिलेलं पण खरं. त्यात तिघंच होते. एकाने लिहिलं होतं, "वीस टक्के वाढवून वीस टक्के कमी केले की मूळ आकडा येत नाही एवढं सांगून मोकळ्या झालात. का येत नाही ते कोण सांगणार? नुसती आकडेमोड करायला यंत्र आहे आमच्याकडे." भाषा उद्धट, पण माणूस व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलेला आणि प्रश्न शंभर टक्के रास्त. हा प्रश्न बाईंनीही वाचला होता, पण चौथ्या रात्रीच्या अंधारात, त्या अकरा वाक्यांच्या मधोमध. त्यांना त्यात फक्त "मोकळ्या झालात" एवढंच दिसलं होतं.

ट्रोलिंगने होणारं हे नुकसान सहसा कुणी मोजत नाही. मन दुखतं ते दुखतंच, शिवाय ज्याच्याकडून शिकता आलं असतं तो माणूस त्या गर्दीत दिसेनासा होतो.

चौथ्या रकान्यात एकच संदेश होता. "सकाळी सव्वासहाला एकटीच फिरायला जातेस ना." टवाळी नाही, शिवी नाही, धमकीचा शब्दही नाही. बाईंनी तो वाचून कुणालाच सांगितला नव्हता, कारण बाकीच्या घाणीपुढे तो त्यांना सौम्य वाटला. मला मात्र तीनशेमध्ये भीती वाटली ती या एका ओळीची.

ती एक ओळ

इथे दुर्लक्षाचा प्रश्नच नव्हता. कुणाला तुमची वेळ, रस्ता, घर ठाऊक असल्याचं तो तुम्हाला कळवत असेल, तर ते ट्रोलिंगच्या पुढे गेलेलं असतं आणि तसंच वागवायला हवं. आम्ही काहीही ब्लॉक करायच्या आधी त्या संदेशाचा स्क्रीनशॉट घेतला, असा की तारीख, वेळ आणि खात्याचं नाव एकाच चित्रात येईल. खात्याच्या पानाचा पत्ता वेगळा उतरवून ठेवला, कारण दाखवायचं नाव बदलता येतं. मग पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आणि तिची पोच घेतली. शेजारच्या दोन घरांत सांगून ठेवलं. बाईंनी फिरायची वेळ बदलली आणि सोबतीला एक मैत्रीण घेतली.

वेळ कशी कळली याचा शोध घेतला तेव्हा बाईंच्याच जुन्या व्हिडिओत उत्तर सापडलं. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या, "मी रोज सव्वासहाला फिरायला जाते, तेव्हा मनात पाढे म्हणते." तेवढा भाग आम्ही कापला. मग सगळे जुने व्हिडिओ त्याच नजरेने पाहिले: खिडकीतून दिसणारी इमारत, भिंतीवरचं पाकीट, त्यावरचा पत्ता. दोन संध्याकाळी गेल्या. तो माणूस पुन्हा कधी लिहिता झाला नाही. पण बाईंनी त्यानंतर सहा महिने एकटीने फिरणं टाळलं.

खात्यावर काय केलं

हे थोडक्यात सांगते, कारण बटणं बदलत राहतात. प्रतिक्रिया मंजुरीशिवाय दिसणार नाहीत अशी व्यवस्था केली. "हात", "थरथर", "म्हातारी" आणि अशाच पंधरावीस शब्दांची यादी घातली, म्हणजे ते शब्द असलेला मजकूर आपोआप बाजूला पडेल. त्या अकरा खात्यांना ब्लॉक करण्यापेक्षा गुपचूप मर्यादित करणं मला जास्त बरं वाटलं. ब्लॉक झालेल्या माणसाला ते कळतं, तो त्याचाच झेंडा मिरवतो आणि नवं खातं काढतो. मर्यादित केलं तर तो लिहीत राहतो आणि ते त्याच्याशिवाय कुणाला दिसत नाही. इन्स्टाग्रामने ही सोय २०१९ साली आणली, आता इतरत्रही तशा सोयी आहेत. मात्र धमकी देणाऱ्याला हा नियम लावायचा नाही. तिथे पुरावा ठेवायचा आणि दार बंद करायचं.

क्लिपबद्दल छळाच्या कारणाने केलेल्या दोन तक्रारी "नियमभंग आढळला नाही" म्हणून परत आल्या. तिसऱ्यांदा आम्ही वेगळं कारण दिलं: मूळ व्हिडिओ बाईंचा, परवानगीशिवाय वापरलेला. प्रताधिकाराच्या त्या तक्रारीवर सगळ्यात जास्त फिरणारी प्रत उतरली. अशा तक्रारीत तक्रार करणाऱ्याचं नाव समोरच्याकडे जाऊ शकतं, त्यामुळे टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी ती करण्याआधी विचार करावा. बाईंचं नाव तसंही उघड होतं.

मूळ व्हिडिओ पुन्हा चढवला. खाली बाईंच्या नावाने एकच वाक्य कायम वर दिसेल असं लावलं: "या उदाहरणात मी छप्पन्न म्हटलं आहे आणि ५४ लिहिलं आहे. लिहिण्यातली चूक माझी, उत्तर ५६." त्याखाली कुणालाही, काहीही उत्तर द्यायचं नाही असं ठरलं. हे वाक्य तयार व्हायला अर्धा तास लागला, कारण बाईंना त्यात "वयोमानानुसार" घालायचं होतं आणि मी ते घालू दिलं नाही. तुमचा वर्ग तरुणपणीही फळ्यावरच्या चुका दाखवायचाच, असं मी त्यांना म्हटलं, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

गप्प बसल्यावर

उत्तरं थांबली की त्रास लगेच थांबेल अशी बाईंची समजूत होती. उलट तो वाढला. उत्तरं थांबवल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी दोन नवी खाती उघडली गेली, भाषा आणखी खालच्या थराला गेली. वागणुकीचा अभ्यास करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे: ज्या कृतीला आजवर फळ मिळत होतं, ते मिळेनासं झालं की ती कृती थांबायच्या आधी काही काळ उसळते. नाणं टाकूनही यंत्रातून वस्तू पडली नाही की माणूस बटण जोरजोरात दाबतो, तसंच. मी हे बाईंना आधी सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं. नाहीतर बहुतेक जण नेमके याच दिवशी मोडतात, एकच सणसणीत उत्तर देतात, आणि समोरचा शिकतो की जरा जास्त जोर लावला की मासा येतो.

त्या आठवड्यात माझीही झोप उडाली. मी वाचणारी होते, बाई नव्हत्या, पण हातावरची ती वाक्यं माझ्याही डोक्यात फिरायला लागली. तेव्हा आम्ही वाचायचं काम तिघांत वाटलं: मी, बाईंची भाची आणि त्यांचा मुलगा, दोन-दोन दिवसांच्या पाळीने. मुलाला एकच अट घातली, वाचायचं पण लिहायचं नाही. त्याला आईसाठी काहीतरी करायचं होतं, आणि भांडणापेक्षा हे खरं काम होतं. बाईंकडे रोज सकाळी ११ वाजता फक्त चाळलेला मजकूर जायचा, छापून, कागदावर. वीस मिनिटं, खुर्चीत बसून. फोन रात्री दुसऱ्या खोलीत.

झोप मात्र आपोआप परतली नाही. दोन आठवडे झाल्यावर बाई डॉक्टरांकडे गेल्या, आणि त्यांनी सुचवलं म्हणून समुपदेशकांकडेही. तिथे त्यांना नेमकं काय वाटतंय त्याला नाव द्यायला सांगितलं. बाई आधी "राग" म्हणत होत्या. तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, "लाज वाटते." भावनेला शब्द दिला की मेंदूतला भीतीशी जोडलेला अमिग्डला नावाचा भाग शांत होतो, असं मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांना २००७ सालच्या प्रयोगात दिसलं. मी बाईंच्या मेंदूत डोकावले नाही, पण "लाज" हा शब्द सापडल्यावर पुढचं बोलणं सुरू झालं हे खरं. पाच-सहा वर्षं त्या हात पूर्ण दिसणार नाही अशा बेताने फोन ठेवत होत्या, आणि त्याबद्दल कुणाशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. ट्रोलांनी आधीच झाकलेल्या जागेवर बोट ठेवलं होतं.

पुन्हा फळ्यासमोर

दीड महिन्याने बाईंनी नवा व्हिडिओ करायला घेतला. चौदा वेळा चित्रीकरण केलं आणि चौदाही पुसले. मी ते करताना पाहिलं. प्रत्येक आकडा लिहून झाल्यावर मागे सरायच्या, तपासायच्या, मग बोलायच्या. "काही जणांना वाटेल की..." "इथे कुणी म्हणेल..." अशी वाक्यं यायला लागली होती, जी त्यांच्या बोलण्यात कधीच नसायची. त्या शिकत असलेल्या माणसाशी बोलत नव्हत्या, त्या अकरा खात्यांशी बोलत होत्या.

त्या वेळी माझ्याकडून एक चुकीचा सल्ला गेला. मी म्हटलं, फळा सोडा, टॅबलेटवर लिहा, म्हणजे हात दिसणारच नाही. बाई म्हणाल्या, "फळ्यावर लिहिताना मी विचार करते गं. काचेवर नुसतं लिहिलं जातं." मी त्यांच्या सोयीचं बघतेय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी हसणाऱ्यांची सोय बघत होते. तो विषय तिथेच सोडला.

उपयोगी पडला तो तिसरा रकाना. टक्क्यांबद्दल उद्धट प्रश्न विचारणाऱ्याचं वाक्य मी एका चिठ्ठीवर लिहिलं, त्यातला टोमणा गाळून: "का येत नाही ते सांगा." ती चिठ्ठी फोनच्या कॅमेऱ्याखाली चिकटवली. बाईंनी ती वाचली आणि फळ्याकडे वळल्या. शंभरचे वीस टक्के वीस, झाले एकशेवीस. आता वीस टक्के कमी करायचे, पण कशाचे? शंभरचे नाहीत, एकशेवीसचे. म्हणजे चोवीस. उरले ९६. "वाढवताना पाया लहान होता, कमी करताना पाया मोठा झालाय," असं म्हणून त्यांनी एकशेवीसभोवती गोल काढला. गोल थरथरत, जरा वाकडा आला. पुसला नाही. दुसऱ्याच प्रयत्नात व्हिडिओ झाला.

प्रतिक्रिया पुन्हा उघडताना आम्ही एक काळजी घेतली. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं की ट्रोल ही काही वेगळी जमात नसते. मन बरं असलेल्या माणसांना साध्या प्रतिक्रियांखाली लिहायला दिलं, तेव्हा सुमारे ३५ टक्के मजकूर ट्रोल स्वरूपाचा निघाला. अवघड चाचणीने आधीच वैतागलेल्यांना, वर आधीपासून विखारी प्रतिक्रिया दिसत असताना लिहायला दिलं, तेव्हा तोच आकडा ६८ टक्क्यांवर गेला. म्हणजे पहिली चार वाक्यं कोणाची आहेत यावर पुढचा सूर ठरतो. आम्ही पहिला दिवस फक्त जुन्या, शिकणाऱ्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया मंजूर केल्या. बाकीच्या दुसऱ्या दिवशी. टीका गाळली नाही, फक्त रांगेत मागे ठेवली. त्या वेळी आलेला टवाळीचा मजकूर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतका होता. तो उद्धट प्रश्नकर्ताही आला. त्याने लिहिलं, "आता कळलं." पुढे काही नाही, आभार वगैरेही नाहीत. बाईंनी ते वाक्य वहीत उतरवलं.

आज काय आहे

या सगळ्याला दीड वर्ष होऊन गेलं. क्लिपच्या दोन-तीन प्रती अजून कुठे ना कुठे आहेत आणि काही महिन्यांनी त्यातली एखादी पुन्हा वर येते. त्या वेळी भाचीचा संदेश येतो, "आलीय परत," आणि ज्याची पाळी असेल तो वाचायला बसतो. बाईंना सांगायचं की नाही हे त्यांनीच ठरवून दिलंय: धोक्याचं असेल तर लगेच, शिकण्यासारखं असेल तर सकाळी ११ वाजता, बाकीचं नाही. पोलीस तक्रारीचा निकाल काही लागलेला नाही. पोच त्यांनी जपून ठेवलीय.

बाई आठवड्याला एक व्हिडिओ करतात. फोन आता चळतीवर थोडा वर असतो, त्यामुळे हात पूर्ण दिसतो. सात आठे आले की लिहिण्याआधी त्यांचा मार्कर क्षणभर फळ्यापासून बोटभर अंतरावर थांबतो. मी एकदा विचारलं, हा थांबा संकलनात काढून टाकू का. बाई म्हणाल्या, "नको. बघणारा तेवढ्यात मनात म्हणतो."